घरच्या बागेत हायब्रीड टी गुलाब: रोपाच्या निवडीपासून ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत क्रमवार पद्धत

रोपवाटिकेतून आणलेला हायब्रीड टी गुलाब पहिले पंधरा-वीस दिवस छान फुलतो, मग फुले लहान होत जातात, पाने गळतात, आणि वर्षभरानंतर कुंडीत एकतर वाळलेल्या काड्या उरतात किंवा हिरवेगार, काटेरी, पण फूल न देणारे झुडूप उरते. अशा वेळी बहुतेक जण खत बदलतात किंवा औषध फवारतात. दोष मात्र बहुधा खताचा नसतो, कामांच्या क्रमाचा असतो.

या प्रकारात नव्या, जोमदार फुटीच्या टोकाला एकच मोठे फूल येते. फुटीची जाडी ती ज्या जुन्या फांदीवर येते तिच्या जाडीवर अवलंबून असते, आणि जाड फांदी सशक्त मुळांशिवाय तयार होत नाही. म्हणून आधी मुळे, मग फांदी आणि शेवटी फूल हा क्रम ठरलेला आहे, आणि पुढील सर्व कामे त्याच क्रमाने येतात. येथे दिलेल्या तारखा पुणे, नाशिक, सातारा, सांगली अशा पठारी भागासाठी आहेत. मुंबई, कोकण, गोवा आणि विदर्भ येथे जे वेगळे करावे लागते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

## १. जागा, ऊन आणि पाणी यांची तपासणी

रोप आणण्यापूर्वी जागा ठरवावी. गुलाबाला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते, आणि त्यातले सकाळचे ऊन अधिक उपयोगाचे असते, कारण रात्रीचे दव पानांवरून लवकर सुकते आणि काळ्या ठिपक्यांचा रोग कमी येतो. तीन-चार तासांच्या उन्हावर झाड जगते, परंतु फांद्या बारीक आणि लांबुळक्या होतात. पूर्वेकडची बाल्कनी चालते; उत्तरेकडच्या बाल्कनीत हायब्रीड टी लावू नये.

जमिनीत लावायचे असल्यास दोन चाचण्या कराव्यात. पहिली निचऱ्याची: दीड फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार-पाच तासांनंतरही तसेच उभे असेल, तर त्या जागी जमिनीपासून फूटभर उंच वाफा करूनच लागवड करावी. दुसरी चुन्याची: कोरड्या मातीचा खडा बशीत घेऊन त्यावर चमचाभर व्हिनेगर ओतावे. माती फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे. पठारावरच्या काळ्या जमिनीत हे नेहमी आढळते. गुलाबाला ६ ते ७ सामू (पीएच) मानवतो. चुनखडीच्या मातीत तो ८ च्या आसपास जातो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशी माती कुंडीसाठी घेऊच नये.

बोअरवेलचे जड पाणी हेच काम हळूहळू करते. कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसू लागला की ते पाणी क्षारयुक्त आहे असे समजावे आणि शक्य असेल तेव्हा नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

## २. रोपाची निवड

लागवडीसाठी ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा सर्वांत सोपा काळ आहे. जुलै-ऑगस्टमध्येही लावता येते. मार्च ते मे या महिन्यांत मात्र रोप आणू नये. त्याची मुळे बसण्यापूर्वीच ऊन वाढते.

रोपवाटिकेत सर्वाधिक फुले असलेले रोप उचलण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. फुलांकडे फक्त जातीची खात्री करण्यासाठी पाहावे, कारण पिशवीला लटकवलेल्या छायाचित्रावर विसंबण्यात अर्थ नसतो. मग नजर खाली न्यावी. हायब्रीड टीचे रोप म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा (फांदीवरचा, जेथून नवी फूट निघते तो उंचवटा) भरून केलेले कलम असते. मातीच्या जरा वर खोडाला जी गाठ दिसते, तो कलमाचा सांधा. या सांध्याच्या वरून किमान दोन, शक्यतो तीन, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या निघालेल्या असाव्यात. एकच फांदी असून तिलाच चार फुले असलेले रोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

तपासणी: सांध्यावर प्लॅस्टिकची पट्टी अजून गुंडाळलेली आहे का ते पाहावे. कित्येक रोपांवर ती तशीच राहते, मातीखाली झाकली जाते आणि खोड जाड होऊ लागले की त्यात रुतते. वरचे झाड वर्षभर खुरटलेले राहते आणि कारण कोणाच्याही लक्षात येत नाही. कलम नीट जुळले असेल, तर धारदार पात्याने पट्टी मागच्या बाजूने उभी कापून सोडवावी. ओढून काढू नये.

जातींच्या बाबतीत सुरुवात दणकट जातींनी करावी. गडद गुलाबी-लाल ग्लॅडिएटर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे उघड्या शेतात घेतला जात आहे आणि नवशिक्याच्या चुकाही तो बऱ्याच सोसतो. गुलाबी फर्स्ट प्राइझ, सुवासिक मृणालिनी, पिवळसर-गुलाबी पीस यांच्यापासूनही सुरुवात करता येईल. डबल डिलाइटच्या पाकळ्यांची लाल कड उन्हावर अवलंबून असते. कमी उन्हात तो फिकटच राहतो, आणि त्यासाठी रोपवाटिकेला दोष देण्यात अर्थ नाही. पापा मेइयाँचा सुगंध कितीही मोहात पाडो, त्यावर भुरी (पानांवर पांढरी पूड आणणारा रोग) फार येते, म्हणून तो पहिल्या वर्षी नको.

पुष्पगुच्छातल्या ‘डच’ गुलाबाची काडी बटाट्यात खोचून रोप करण्याचे व्हिडिओ पाहून वेळ घालवू नये. ती काडी बहुधा कुजते. एखादी जगलीच, तरी हरितगृहासाठी तयार केलेली ती जात उघड्यावर, स्वतःच्या नाजूक मुळांवर, तसे फूल देत नाही.

## ३. कुंडी आणि मिश्रण

कुंडी किमान १२ इंच व्यासाची आणि तितकीच खोल असावी. १४ इंची मिळाली तर उत्तम. मातीची कुंडी हवेशीर असते, पण उन्हाळ्यात लवकर सुकते. काळी प्लॅस्टिकची कुंडी गच्चीवर दुपारी इतकी तापते की कडेची मुळे भाजतात, त्यामुळे ती घेतल्यास बाहेरून गोणपाट गुंडाळावे. सिमेंटची नवी कुंडी आठवडाभर पाण्याने भरून ठेवावी, पाणी दोन-तीनदा बदलावे आणि मगच वापरावी, कारण तिच्यातून चुना सुटतो.

मिश्रणाचे प्रमाण असे ठेवावे: गाळाची किंवा लाल माती ३ भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत २ भाग, जाड वाळू किंवा भाताचे तूस १ भाग. दर कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. बोनमील मूठभर घालायला हरकत नाही, मात्र चुनखडीच्या मातीत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो, कारण त्यातला स्फुरद आम्लधर्मी मातीतच सुटतो. कोकोपीट एकूण मिश्रणाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त घेऊ नये. नुसत्या कोकोपीटमध्ये वरचा थर कोरडा आणि खालचा चिंब राहतो, आणि पाणी द्यावे की नाही हेच कळत नाही.

जमिनीतला खड्डा दीड ते दोन फूट लांब, रुंद आणि खोल घ्यावा, शक्य असल्यास आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावा आणि वरील मिश्रणाने भरावा. दोन झाडांत अडीच फूट अंतर ठेवावे. जवळ लावलेली झाडे दिसायला भरगच्च दिसतात, पण पानांतून वारा खेळत नाही आणि रोग एकावरून दुसऱ्यावर जातो.

सावधान: शेणखत कुजले आहे का हे हातात घेऊन पाहावे. त्याला शेणाचा वास नसावा, आत हात घातल्यास ते गरम लागू नये, आणि मुठीत चुरल्यावर चहापत्तीसारखे मोकळे व्हावे. कच्च्या शेणखताने कोवळी मुळे जळतातच, शिवाय त्यातून हुमणीच्या पांढऱ्या अळ्या कुंडीत येतात आणि मुळे कुरतडतात.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा जाड थर घालण्याची प्रथा आहे. त्याची गरज नाही. छिद्रावर एक बाकदार खापरी उपडी ठेवली की पुरे. खड्यांमुळे निचरा सुधारत नाही, मातीची जागा मात्र कमी होते.

## ४. लागवड

रोप आणल्यावर चार-पाच दिवस विरळ सावलीत ठेवावे आणि मग पुढील क्रमाने लावावे.

१. लागवडीच्या आदल्या दिवशी पिशवीला भरपूर पाणी द्यावे.

२. पिशवी कापून काढावी आणि आतला गोळा तपासावा. बहुतेक रोपे चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. हा गोळा तसाच भुसभुशीत मिश्रणात ठेवला, तर दिलेले पाणी गोळ्याच्या बाजूने खाली वाहून जाते. कुंडी ओली आणि मुळे कोरडी, अशी स्थिती होते. नवे रोप महिनाभरात मरण्याचे हे मोठे कारण आहे.

३. घट्ट गोळा पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवावा आणि बोटांनी बाहेरची माती, साधारण एक तृतीयांश, हलकेच सोडवावी. मुळे तुटू लागली तर तेथेच थांबावे. गोळा आधीच भुसभुशीत असेल तर त्याला हातही लावू नये.

४. कलमाचा सांधा मातीच्या पृष्ठभागापासून एक ते दोन इंच वर राहील अशा उंचीवर रोप धरावे, कडेने मिश्रण भरावे आणि हाताने दाबावे. पाय देऊन माती दाबू नये.

५. कुंडीची वरची दीड-दोन इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी आणि खालच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत पाणी द्यावे.

६. रोपावरची सर्व फुले आणि कळ्या कापून टाकाव्यात. रोप चार दिवस विरळ सावलीत ठेवून मग हळूहळू पूर्ण उन्हात न्यावे.

सावधान: थंड देशांतल्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांधा मातीखाली गाडायला सांगतात. तो सल्ला बर्फापासून बचावासाठी आहे. आपल्याकडे गाडलेला सांधा पावसाळ्यात कुजतो आणि खुंटातून येणारी रानफूटही दिसत नाही.

## ५. पहिले दोन महिने: फूल नको

या काळात रोपाने मुळे आणि फांद्या वाढवायच्या असतात. नव्या फुटीच्या टोकाला कळी वाटाण्याएवढी झाली की ती खुडावी. हे काम मनाला पटत नाही आणि म्हणूनच ते कोणी करत नाही. पण सहा-आठ आठवडे कळ्या खुडलेल्या रोपाला पुढे खालून जाड फुटवे येतात, ते न खुडलेल्याला क्वचितच येतात.

लागवडीनंतर चार आठवडे कोणतेही रासायनिक खत देऊ नये. मिश्रणातले खत तेवढ्या काळाला पुरेसे असते.

रानफुटीवर याच काळात लक्ष ठेवावे लागते. सांध्याच्या खालून, खोडातून किंवा थेट मातीतून निघणारी फूट ही खुंटाची असते. ती वेगाने वाढते, सगळे अन्न ओढते आणि वरचे कलम हळूहळू मरते. सुरुवातीला उल्लेखलेले हिरवेगार, फुले न देणारे झुडूप म्हणजे हीच रानफूट. पाच पानांची ती खरी आणि सात पानांची ती रानटी, हा प्रचलित नियम भरवशाचा नाही, कारण अनेक चांगल्या हायब्रीड टी जातींनाही सात पर्णिकांची (एका देठावरच्या सात लहान पानांची) पाने येतात. फूट कोठून निघाली आहे, एवढेच पाहावे. त्यासाठी वरची माती बोटाने बाजूला करावी. रानफूट कापू नये, कापल्यास तेथूनच दोन येतात. ती कोवळी असताना बुडाशी धरून खाली झटक्याने ओढून उपटावी.

## ६. पाणी आणि खत

पाण्याचे वेळापत्रक लिहून देता येत नाही, कारण पुण्यातील डिसेंबर आणि नागपुरातील मे यांत फार फरक आहे. तर्जनी दोन पेरे मातीत घालावी. तेथे ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने फक्त वरचा थर भिजतो आणि मुळे वरच राहतात. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे.

खत नेहमी ओल्या मातीत द्यावे. छाटणीनंतरच्या वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात दर दहा ते पंधरा दिवसांनी पुरते. कळ्या दिसू लागल्यावर दोन वेळा १३:०:४५ त्याच प्रमाणात द्यावे. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळावी. दुप्पट खताने दुप्पट फुले येत नाहीत. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागल्या, तर खत थांबवावे आणि कुंडीतून दोन-तीनदा भरपूर साधे पाणी निथळू द्यावे.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता आहे आणि तिचे मूळ बहुधा चुन्यात असते. अशा वेळी चिलेटेड लोह पाकिटावरील प्रमाणात द्यावे. चुनखडीच्या मातीत इडीडीएचए प्रकारचे चिलेट टिकते, साधे इडीटीए लवकर निकामी होते. जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर कारण वेगळे असते: नत्राची कमतरता किंवा साचलेले पाणी. या दोन्हींत गल्लत करू नये.

घरगुती उपायांबद्दल थोडे. वापरलेली चहापूड दूध-साखर धुऊन, वाळवून, चिमूटभर टाकली तर हरकत नाही; न धुता टाकल्यास मुंग्या आणि बुरशी येते. अंड्याची टरफले चुना वाढवतात, म्हणून जड पाणी असलेल्या घरी ती नकोत. केळीच्या साली कंपोस्टमध्ये घालाव्यात, कुंडीत पुरू नयेत.

## ७. ऑक्टोबरची छाटणी

वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच, आणि सर्वाधिक चुकाही याच कामात होतात. पाऊस पूर्ण थांबल्यावर आणि आकाश निवळल्यावर, म्हणजे पठारावर साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, छाटणी करावी. मुंबई, कोकण आणि गोव्यात दमट उकाडा लांबतो, म्हणून तेथे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा योग्य ठरतो. लवकर केलेली छाटणी परतीच्या पावसात सापडली, तर ओल्या जखमांतून शेंडेमर (फांदी शेंड्याकडून खाली वाळत जाण्याचा रोग) आत शिरते.

जमिनीतल्या झाडांना छाटणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडून मुळे उघडी करण्याची जुनी रीत आहे. भारी काळ्या जमिनीत पाणी थोडे कमी करणे ठीक आहे. मुळे उघडी करण्याची मात्र घरच्या बागेत गरज नाही, आणि कुंडीतल्या झाडाला ताण मुळीच देऊ नये.

तयारी: धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), जाड फांदीसाठी छोटी करवत, चामड्याचे हातमोजे, स्पिरिट आणि कापूस, कॉपर ऑक्सिक्लोराइडची पाण्यात कालवलेली घट्ट पेस्ट व जुना ब्रश. बोथट सिकेटरने फांदी चिरडते आणि चिरडलेला भाग वाळतो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटने पुसावीत.

१. प्रथम मेलेल्या, काळ्या पडलेल्या आणि रोगट फांद्या बुडापासून काढाव्यात.

२. मग पेन्सिलीपेक्षा बारीक, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. झाडाचा मध्यभाग मोकळा व्हावा.

३. उरलेल्यांपैकी तीन ते पाच सर्वांत जोमदार, शक्यतो हिरव्या, फांद्या निवडाव्यात. पाच वर्षांची, खडबडीत, राखाडी झालेली फांदी दरवर्षी एक याप्रमाणे बुडापासून काढत जावी.

४. निवडलेल्या फांदीवर खालून चार ते सहा डोळे ठेवून कापावे. जमिनीतल्या झाडाची उंची साधारण दीड फूट आणि कुंडीतल्या झाडाची एक फूट राहते. पहिल्याच वर्षाच्या झाडाची फक्त वरची एक तृतीयांश वाढ काढावी.

५. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर घ्यावा आणि त्याचा उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला असावा. जास्त वर कापल्यास मधला तुकडा वाळून काळा पडतो आणि ती काळी रेघ पुढे खाली उतरते. फार जवळ कापल्यास डोळाच सुकतो.

६. प्रत्येक कापाचा गाभा पाहावा. तो पांढरट किंवा फिकट हिरवा हवा. तपकिरी असेल, तर पुढच्या खालच्या डोळ्यापर्यंत पुन्हा कापावे, आणि स्वच्छ गाभा दिसेपर्यंत कापत राहावे. येथे दया दाखवली की ती फांदी डिसेंबरपर्यंत पूर्ण मरते.

७. सर्व कापांना त्याच दिवशी पेस्ट लावावी. झाडावर उरलेली पाने कात्रीने काढावीत आणि खाली पडलेले प्रत्येक पान वेचून घराबाहेर टाकावे. काळ्या ठिपक्यांची बुरशी त्या पानांतच टिकून राहते.

तपासणी: छाटणीनंतर झाडावर पाने जवळपास नसतात, त्यामुळे त्याला पाणीही कमी लागते. पहिल्या आठवड्यात माती ओलसर ठेवावी, चिंब नाही.

दोन-तीन वर्षे त्याच कुंडीत असलेल्या झाडाची कुंडी याच वेळी बदलावी. गोळा बाहेर काढून कडेने गोल फिरलेली मुळे कापावीत, एक तृतीयांश माती बदलावी आणि पुन्हा लावावे.

## ८. छाटणीनंतरचे पन्नास दिवस

आठ ते बारा दिवसांत डोळे लालसर होऊन फुगतात. दहाव्या दिवशी वरची दोन इंच माती हलवून जमिनीतल्या झाडाला पाच किलो आणि कुंडीला दोन मुठी कुजलेले शेणखत द्यावे. छाटणीच्या दिवशीच खत देण्याची घाई करू नये. तेव्हा ते शोषून घ्यायला फूटच नसते.

एका डोळ्यातून दोन-तीन फुटी आल्यास मधली जोमदार ठेवून बाकीच्या अंगठ्याने दाबून काढाव्यात. आत वळणाऱ्या फुटीही अशाच काढाव्यात. काही फुटींच्या टोकाला कळीच येत नाही. त्या अर्ध्यावर, जाड पानाच्या वर कापाव्यात, म्हणजे खालचा डोळा फुटून कळी येते.

साधारण महिन्याने टोकाला कळी दिसते आणि तिच्या खाली पानांच्या बेचक्यांत एक-दोन लहान कळ्या येतात. बाजूच्या या कळ्या वाटाण्यापेक्षा लहान असतानाच बोटांनी वाकवून खुडाव्यात. उशीर केला तर देठावर चरा राहतो आणि तोवर अन्नही विभागले गेलेले असते. हायब्रीड टीचे लांब देठावरचे एकटे, डौलदार फूल मिळते ते या क्षुल्लक वाटणाऱ्या कामामुळे.

छाटणीपासून पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत फूल उमलते. थंडी कडक असेल तर आठवडाभर अधिक लागतो. ठरावीक दिवशी फुले हवी असणारे लोक हाच हिशेब उलटा करून छाटणीची तारीख ठरवतात. जानेवारीअखेर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनासाठी फुले हवी असतील, तर डिसेंबरच्या सुरुवातीला छाटावे लागते.

## ९. फूल कापणे

फूल सकाळी लवकर, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्यावर कापावे. काप पाच पर्णिकांच्या, बाहेर तोंड असलेल्या पानाच्या वर घ्यावा आणि त्या फांदीवर अशी किमान दोन पाने मागे ठेवावीत. तीन पर्णिकांच्या वरच्या पानाजवळ कापल्यास येणारी फूट बारीक असते. झाडावरच सुकलेले फूलही याच जागी कापावे. नुसते डोके मोडून ठेवू नये, नाहीतर खाली फळ धरते आणि झाड फुलणे थांबवते.

## १०. रोग आणि किडी: ऋतू पाहून ओळखणे

फवारणीपूर्वी निदान करावे. ऋतू लक्षात घेतला की अर्धे निदान आपोआप होते.

डिसेंबर ते फेब्रुवारीत, रात्री गार आणि दिवस कोरडे असताना, कोवळ्या पानांवर पांढरी पूड दिसते आणि पाने वळतात: ती भुरी. ८० टक्के विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन सकाळी फवारावे. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक फवारू नये, आणि निंबोळी तेलाच्या फवारणीच्या आधी वा नंतर दोन आठवडे तर नाहीच. दोन्ही एकत्र आले की पाने भाजतात.

पावसाळ्यात पानांवर कडा विस्कटलेले काळे गोल ठिपके येतात, भोवती पान पिवळे पडून गळते. रोगट पाने रोजच्या रोज वेचणे हा पहिला उपाय आणि मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम हा दुसरा. कोकणात पहिल्याशिवाय दुसरा निरुपयोगी ठरतो.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत कळ्या तपकिरी कडांच्या होऊन अर्धवट उमलतात. अशी कळी पांढऱ्या कागदावर झटकावी; बारीक, लांबट, चालणारे ठिपके पडले तर ते फुलकिडे. बाधित कळ्या कापून नष्ट कराव्यात, निळे चिकट सापळे लावावेत आणि निंबोळी तेल ५ मिली व थोडा द्रवरूप साबण एक लिटर पाण्यात घेऊन संध्याकाळी आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारावे.

याच काळात पाने धुळकट, फिकट ठिपक्यांची झाली आणि मागे बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी. तो कीटक नसल्याने माव्यावर चालणाऱ्या औषधांचा त्यावर परिणाम होत नाही. उलट काही कीटकनाशकांनी तो वाढतो. पानांच्या मागच्या बाजूवर तीन-चार दिवसांआड सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारणे पुरते. खोडावरची पांढरी-तपकिरी खवले कीड जुन्या टूथब्रशने घासून काढावी.

सावधान: कोणतेही औषध फवारताना पाकिटावरचे प्रमाण ओलांडू नये, हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी, आणि अशा झाडांची फुले गुलकंदासाठी घेऊ नयेत.

## ११. उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिल-मेमध्ये फुले लहान आणि फिकट येतात. तो दोष नसतो, म्हणून खत वाढवू नये, किंबहुना ते थांबवावे. बुडाशी दोन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, ते खोडाला टेकू देऊ नये. विदर्भात आणि उघड्या गच्चीवर ५० टक्के सावलीची जाळी दुपारपुरती लावावी. जाळी पावसाळा सुरू होताच काढावी.

जूनच्या सुरुवातीला फक्त सुकलेले शेंडे आणि मेलेल्या काड्या काढाव्यात, भारी छाटणी करू नये. पहिल्या पावसानंतर रात्रीत पाने कडेने कुरतडलेली दिसली आणि दिवसा झाडावर काहीच सापडले नाही, तर ते हुमणीचे भुंगेरे असतात. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन जावे, फांदी हलवावी आणि खाली पडणारे भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकावेत. हे आठवडाभर केले की बंदोबस्त होतो. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि खालच्या ताटल्या काढून टाकाव्यात. सप्टेंबरमध्ये नत्रयुक्त खत पूर्ण बंद करावे, म्हणजे ऑक्टोबरात सिकेटर लावण्यापूर्वी फांद्या पक्व झालेल्या असतील.